वाचकांचे प्रश्न : घरगुती बॉडी स्क्रबमधलं तेल आणि प्रिझर्व्हेटिव्ह

प्रश्न : साखर आणि द्राक्षबीचं तेल एवढंच घालून स्क्रब केला. टिकावा म्हणून व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातल्या. तरी दोन महिन्यांत त्याला ऑइलपेंटसारखा वास यायला लागला. असं का झालं?

उत्तर : तेल खवट झालं. तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनमुळे मोडतात, आणि त्यांतलं लिनोलेइक आम्ल जितकं जास्त तितकं हे लवकर घडतं. द्राक्षबीच्या तेलात ते निम्म्याहून बरंच अधिक असतं. साधं सूर्यफूल तेलही त्याच पंगतीतलं. हाय-ओलिक सूर्यफूल तेल, म्हणजे लिनोलेइकऐवजी ओलिक आम्ल जास्त असलेलं, मात्र जास्त टिकतं. बदाम तेल मधल्या फळीत बसतं. सर्वांत टिकाऊ म्हणजे खोबरेल, फ्रॅक्शनेटेड खोबरेल (घट्ट होणारा भाग काढून पातळच राहणारं) आणि जोजोबा. जोजोबा तर रासायनिक दृष्ट्या तेल नसून पातळ मेण आहे. हलक्या तेलाचा स्पर्श हवाच असेल तर 100 ग्रॅम तेलात 70 ग्रॅम फ्रॅक्शनेटेड खोबरेल आणि 30 ग्रॅम आवडीचं तेल घ्या.

आता कॅप्सूलचं. लेबलवर ‘टोकोफेरिल अॅसिटेट’ लिहिलं असेल तर ती बरणीतल्या तेलासाठी निरुपयोगी. तेलाचं रक्षण करतं ते व्हिटॅमिन ईचं दुसरं रूप, ‘टोकोफेरॉल’. ते 100 ग्रॅम तेलाला 0.1 ते 0.2 ग्रॅम पुरतं. भरमसाट घातलं तर उलट परिणामही होऊ शकतो. ते तेल ताजं असतानाच मिसळावं लागतं, कारण खवट झालेलं तेल कशानेही सुधारत नाही. त्यात नवं तेल ओतलंत तर तेही लवकर बिघडेल.

प्रश्न : स्क्रबमध्ये पाणी नाही, मग प्रिझर्व्हेटिव्ह कशाला? आणि टोकोफेरॉल घातल्यावर आणखी काही लागतं का?

उत्तर : टोकोफेरॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा घटक, नाही. ते खवटपणा लांबवतं, पण बुरशी आणि जिवाणूंवर त्याचा काही परिणाम होत नाही. टी-ट्री किंवा लव्हेंडरसारखी सुगंधी तेलंही त्वचेला चालतील एवढ्या प्रमाणात हे काम करत नाहीत.

कोरडा स्क्रब कोरडाच राहणार असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलं तरी चालतं, कारण पाण्याशिवाय जंतू वाढत नाहीत. अडचण न्हाणीघरात सुरू होते. ओली बोटं बरणीत जातात, शॉवरचे थेंब पडतात. साखर किंवा मिठाच्या दाट पाकात जंतूंना वाढता येत नाही, पण वरून पाणी पडत राहिलं की वरचा थर पातळ होतो, आणि बुरशी धरते ती तिथेच. म्हणून जी बरणी आंघोळीच्या जागी उघडणार किंवा कुणाला भेट जाणार, तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालाच. स्वतःपुरता, कोरड्या चमच्याने वाटीत काढून वापरणार असाल तर नाही घातलं तरी चालेल.

निवडताना पहिली कसोटी : ते तेलात विरघळतं का? पोटॅशियम सॉर्बेट आणि सोडियम बेंझोएट ही नेहमीची प्रिझर्व्हेटिव्ह पाण्यात विरघळणारे क्षार आहेत. तेलात त्यांची भुकटी तशीच तळाशी बसते. शिवाय त्यांना आम्लता लागते, पीएच साधारण 5 च्या आसपास किंवा खाली. स्क्रबसाठी फिनॉक्सीइथेनॉल आणि कॅप्रिलिल ग्लायकॉल या घटकांचं बाटलीत तयार मिळणारं प्रिझर्व्हेटिव्ह मिश्रण सोयीचं. फिनॉक्सीइथेनॉल आणि पॅराबेन यांचं मिश्रणही चालतं. बाटलीवर दिलेली मर्यादा पाळा, ती बहुधा 1 टक्क्याच्या आसपास असते. युरोपीय नियमांत फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा 1 टक्का आहे.

टक्केवारी साखरेसह एकूण वजनावर काढा. 200 ग्रॅम साखर आणि 100 ग्रॅम तेल असेल तर 1 टक्का म्हणजे 3 ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा इथे कामाचा नाही, 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा; थेंब मोजणं तर नकोच. साखर घालण्याआधी प्रिझर्व्हेटिव्ह तेलात ढवळून काचेच्या ग्लासात तासभर ठेवा. तेल गढूळ दिसलं किंवा तळाशी थेंब जमले तर ते विरघळलेलं नाही.

प्रश्न : दही, लिंबाचा रस, उरलेला कॉफीचा चोथा घातला तर?

उत्तर : वाटीत कालवा, लगेच वापरा, उरलेलं टाकून द्या. घरी मोजता येणाऱ्या प्रमाणातलं कोणतंही प्रिझर्व्हेटिव्ह ताज्या फळापुढे आणि दुधापुढे टिकत नाही. कॉफी हवी तर न वापरलेली, कोरडी पूड घ्या.

प्रश्न : खोबरेल तेलाचा स्क्रब थंडीत दगड होतो आणि उन्हाळ्यात साखर खाली बसते.

उत्तर : खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं, म्हणून खोलीचं तापमान बदललं की स्क्रबही बदलतो. निम्मं खोबरेल काढून त्याजागी पातळ तेल घाला आणि 100 ग्रॅम तेलामागे 15 ग्रॅम शिया बटर (शियाच्या बियांचं घट्ट तूप) वितळवून मिसळा. शिया सावकाश थंड झालं की त्यात रवाळ गाठी होतात. म्हणून भांडं थंड पाण्यात ठेवून ढवळत राहा आणि मिश्रण दाट झाल्यावरच साखर घाला.

प्रश्न : स्क्रबनंतर अंग तेलकट आणि फरशी निसरडी होते. उपाय?

उत्तर : इमल्सिफाइंग वॅक्स, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र आणणारं मेण. 60 ग्रॅम पातळ तेल, 20 ग्रॅम शिया, 10 ग्रॅम इमल्सिफाइंग वॅक्स आणि 10 ग्रॅम स्टिअरिक अॅसिड (मिश्रण घट्ट करणारं मेदाम्ल) 70 अंशांना पूर्ण वितळवा. 45 अंशांच्या खाली आल्यावर टोकोफेरॉल आणि प्रिझर्व्हेटिव्ह घाला, लोण्यासारखं होईपर्यंत फेटा, मग 120 ग्रॅम बारीक साखर मिसळा. इथे एकूण 220 ग्रॅम धरून 1 टक्का म्हणजे 2.2 ग्रॅम. पाणी लागलं की हे पांढरं दुधाळ होऊन निघून जातं. मधाचं मेण मात्र वॅक्सच्या जागी वापरू नका. ते एकट्याने तेल आणि पाणी एकत्र आणत नाही, उलट अंगावर चिकट थर ठेवतं. हा स्क्रब गळ्याखालीच वापरा; चेहऱ्याला साखरेचे दाणे खरखरीत पडतात.