डिझेल मॅनिफोल्डचे काम घेऊन जर्मनीला येताना

रबाळे एमआयडीसीत जनरेटर सेटच्या टर्बो डिझेल इंजिनांसाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा जळालेला वायू गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) बनवण्याचा तुमचा अनुभव आणि मुंबई विद्यापीठाची बीई, एवढ्यावर जर्मनीत डिझाइनची नोकरी मिळेल का आणि निघण्यापूर्वी कोणते सॉफ्टवेअर शिकावे, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा कळव्याचा; नोकरीची सुरुवात वागळे इस्टेटमध्ये केली आणि आता स्टुटगार्टजवळ याच भागांच्या डिझाइनवर काम करतो. नोकरी मिळू शकते, परंतु ती सॉफ्टवेअरच्या यादीवर मिळणार नाही. मॅनिफोल्ड का तडकतो हे तुम्हाला आकड्यांनिशी सांगता आले पाहिजे, आणि ते शिकण्यासाठी रबाळ्यात तुमच्या टेबलावर येणाऱ्या तुटलेल्या मॅनिफोल्डांइतके चांगले साधन इथल्या नवख्या डिझायनरलाही मिळत नाही.

दुरुस्तीला आलेला सहा सिलिंडरचा एखादा बिडाचा मॅनिफोल्ड घ्या. त्याची लांबी ६०० मिलिमीटर आहे आणि तो ३० अंशांवरून ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो असे धरले, तर तो सुमारे साडेचार मिलिमीटर वाढू पाहतो. ज्या सिलिंडर हेडला तो बांधलेला असतो ते पाण्याने थंड राहते आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. त्याला हेडशी बांधणाऱ्या स्टडनी (दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टांनी) ही वाढ रोखली की तापलेला, नरम पडलेला धातू आतल्या आत दाबला जातो आणि कायमचा आखडतो. इंजिन थंड झाल्यावर तोच मॅनिफोल्ड मूळ लांबीपेक्षा आखूड होऊ पाहतो, आता त्याला ताण बसतो, आणि असे वारंवार झाले की दोन पोर्टच्या (सिलिंडरमधून वायू येण्याच्या तोंडांच्या) मधल्या भागात भेग पडते. काढलेला मॅनिफोल्ड पुन्हा चढवताना टोकाची भोके स्टडशी जुळत नाहीत आणि मेकॅनिक ती कानशीने मोठी करतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. भोक किती सरकले हे व्हर्नियरने मोजून ठेवा, कारण कायमस्वरूपी आखडण्याचे ते प्रत्यक्ष माप आहे आणि मुलाखतीत त्याला फार किंमत आहे.

उपायही याच हिशेबातून निघतात. मधले भोक नेमक्या मापाचे ठेवून टोकाकडची भोके क्रमाने मोठी करणे, सलग फ्लँज (हेडला टेकणारी पट्टी) पोर्टागणिक कापणे, स्टड लांब घेऊन त्याच्या नटखाली स्पेसर (नळीसारखा तुकडा) देणे म्हणजे पकड सैल न होता फ्लँज सरकू शकतो, आणि मोठ्या इंजिनांवर मॅनिफोल्डचे तुकडे करून मध्ये रिंगचे सरकते सांधे ठेवणे. टर्बोचे वजन पेलणारा ब्रॅकेट मात्र फार विचाराने द्यावा लागतो. तो वजन पेलताना वाढ अडवू लागला तर भेग फक्त जागा बदलते.

तुमच्याकडे ३०४ स्टेनलेसचे नळ वापरतात असे तुम्ही लिहिले आहे. हा धातू बिडापेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक वाढतो, म्हणजे त्याच उदाहरणात सहा मिलिमीटरच्या वर. शिवाय ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात त्याच्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड जमते आणि वेल्डच्या कडेची जागा गंजाला बळी पडते. टायटॅनियमयुक्त ३२१ स्टेनलेस का निवडतात हे त्यामुळे कळते. इथे ओतीव भागांसाठी सिलिकॉन-मॉलिब्डेनमचे बीड सर्रास वापरतात, कारण बहुतेक डिझेलच्या तापमानाला ते पुरते आणि महाग निकेल टाळता येते.

दुसरा विषय वायूच्या स्पंदांचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून येणाऱ्या दाबाच्या झोतांचा. पेट्रोलच्या रेसिंग इंजिनासारखे लांब हेडर (प्रत्येक सिलिंडरचा वेगळा लांब नळ) टर्बो डिझेलला बसवले तर नळातच उष्णता वाया जाते आणि स्पंद बोथट होतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने टर्बोचे पहिले पेटंट १९०५ मध्ये घेतले आणि स्पंदांचा उपयोग करण्याची पद्धत १९२० च्या दशकात पुढे आणली. सिलिंडर पेटण्याच्या १-५-३-६-२-४ या क्रमात पहिले तीन आणि शेवटचे तीन सिलिंडर वेगवेगळ्या वाटेने टर्बाइनपर्यंत नेले, तर प्रत्येक वाटेवर दोन स्पंदांत २४० अंशांचे अंतर राहते आणि एकाचा झोत दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हमध्ये उलटा शिरत नाही. हे कागदावर मांडता आल्यावरच सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर उघडावे.

प्रवासी गाड्यांच्या डिझेलमागे जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. जर्मनीत २०१५ मध्ये जवळपास निम्म्या नव्या गाड्या डिझेलच्या होत्या. २०२४ मध्ये ते प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर आले. जनरेटर, जहाजे, शेती आणि बांधकामाची यंत्रे यांचे काम अजून टिकून आहे. कोलोनची डॉइट्स किंवा फ्रीडरिश्सहाफेनची एमटीयू यांची इंजिने तुमच्या अनुभवाला अधिक जवळची आहेत. जहाजांवर २२० अंशांहून गरम पृष्ठभाग झाकण्याचे बंधन असल्यामुळे तिथले मॅनिफोल्ड आच्छादित किंवा पाण्याच्या जॅकेटचे असतात. न्हावा-शेव्याच्या परिसरात अशी इंजिने पाहायला मिळाली तर संधी सोडू नका.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. तुमची पदवी आणि विद्यापीठ अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन नोंदसूचीत तपासा. पदवी तिथे नसेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या केंद्रीय कार्यालयाकडून मूल्यांकन पत्र मागवा. इंजिनिअरांच्या ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यासाठी) २०२५ मध्ये वार्षिक पगाराची किमान मर्यादा ४३,७५९.८० युरो होती, आणि ती दरवर्षी बदलते. हातात नोकरी नसताना येऊन शोधण्यासाठी जून २०२४ पासून चान्सनकार्ट हा परवाना उपलब्ध आहे, परंतु त्यासाठी खर्चाची तजवीज दाखवावी लागते. जर्मन भाषा किमान बी-१ या मध्यम पातळीपर्यंत तिथेच शिकून या, कारण फाउंड्रीतला माणूस साच्यातल्या गाभ्याची जाडी आणि ओतण्यातील अडचण जर्मनमध्येच सांगतो. सोबत त्या एका मॅनिफोल्डचा अहवाल आणा: मापे, भेगेची छायाचित्रे, तुमचा हिशेब आणि सुधारित आराखडा. मात्र रेखाचित्रे तुमच्या कारखान्याच्या मालकीची असतील तर लेखी परवानगीशिवाय ती आणू नका. मापे बदलून स्वतःचे वेगळे उदाहरण तयार करा.