कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी : ऑटो ड्रेन कसा बसवावा

प्रश्न : मिरजोळे एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तीन एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर, टाकी 160 लिटर. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून पाणी काढायचं ठरलेलं आहे, पण कामाच्या गडबडीत मुलं विसरतात. आता तांबडं पाणी यायला लागलंय. टायमरवाला ऑटो ड्रेन (ठरावीक वेळाने आपोआप उघडून पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) कसा जोडावा आणि टायमर कितीवर ठेवावा?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी त्या तांबड्या पाण्याचं बघा. तो टाकीच्या तळाचा गंज आहे. मेन स्विच बंद करून टाकीतला दाब शून्यावर आणा, खालचा प्लग काढा आणि आत टॉर्च मारा. तळाला खड्डे पडले असतील किंवा बाहेरून कुठे ओल पाझरत असेल, तर पत्र्याची जाडी मोजून आणि हायड्रो टेस्ट (टाकीत पाणी भरून दाबाची चाचणी) करून घेतल्याशिवाय टाकी चालवू नका. भोकावर वेल्डिंगचं ठिगळ तर कधीच नको. भोकाच्या आजूबाजूचा पत्राही तेवढाच खाल्लेला असतो, आणि 8 बार दाबाची टाकी फाटली तर जवळच्या माणसाचा जीव घेते.

आता पाण्याचा हिशेब. जुलैतली 30 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा धरली तर एका घनमीटरमध्ये साधारण 26 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती 8 बारला दाबली की आकारमान नवव्या हिश्शावर येतं (गेजवरचे 8 आणि बाहेरच्या हवेचा 1, असे एकूण 9 बार). टाकी 40 अंशांवर असली तरी एवढ्या जागेत जेमतेम 6 ग्रॅम वाफ मावते, उरलेले 20 ग्रॅम तळाला. कॉम्प्रेसर प्रत्यक्ष 10 सीएफएम (मिनिटाला 10 घनफूट) हवा देत असेल, तर मोटर सलग तासभर चालल्यावर 340 मिलिलिटर पाणी होतं. दिवसात मोटर पाच तास फिरली की पावणेदोन लिटर. शिवाय किनाऱ्यावर हवेतले खारट कणही आत ओढले जातात, म्हणून आपल्याकडे तळ लवकर सडतो.

घ्यायचा तो 230 व्होल्टचा, अर्धा इंच आट्यांचा, पितळी बॉडीचा, 16 बारचा टायमर ड्रेन. त्याच्या आधी वाय स्ट्रेनर (गंज अडवणारी जाळी) आणि बॉल व्हॉल्व्ह हवेतच. काही ड्रेनमध्ये दोन्ही एकत्र मिळतात, तो घेतलेला बरा. फ्लोटवाला ड्रेन टाकीखाली लावू नका. गंज आणि तेल मिसळलेल्या चिकट पाण्यात फ्लोट अडकतो, आणि तो अडकल्याचं बाहेरून कळत नाही. पाणी आलं तरच उघडणारा सेन्सरवाला ड्रेन हवा वाया घालवत नाही, पण महाग असतो. दिवसभर चालणाऱ्या मोठ्या स्क्रू कॉम्प्रेसरला तो परवडतो, तीन एचपीला नाही.

टाकीखाली जागा कमी असते म्हणून एल्बो लावून बाजूला या, पण ती आडवी लाइन टाकीच्या तळापेक्षा खालीच राहिली पाहिजे. टाकी थरथरते, त्यामुळे ड्रेन लांब निपलवर लटकवला तर आटे तुटतात. फूटभर प्रेशर होज घालून ड्रेन फ्रेमला क्लॅम्प करा. क्रम असा : टाकी, टी, बॉल व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, ड्रेन. टीच्या दुसऱ्या तोंडाला जुना हाताचा कॉक ठेवा, तो पुढे कामाला येतो. ड्रेनवरचा बाण पाणी बाहेर जातं त्या दिशेला. टेफ्लॉन टेप पाच-सहा वेढे, पण पहिला आटा मोकळा सोडून. टेपची तुटलेली एक चिंधी व्हॉल्व्हच्या सीटवर बसली की ड्रेन कायमचा गळतो. जोडण्याआधी टाकीत बारभर दाब भरून कॉकमधून दोन-तीनदा फटकारा मारून सुटा गंज काढून टाका.

वायरिंगमध्ये नेमकी एक चूक सगळीकडे दिसते. ड्रेनची वायर प्रेशर स्विचच्या (दाबानुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पुढे, मोटरच्या बाजूला जोडतात. मग मोटर थांबली की टायमरही थांबतो आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. मोटर एका वेळी तीन मिनिटं चालत असेल आणि टायमर पंधरावर असेल, तर पंधरा मिनिटं कधी भरतच नाहीत. वायर मेन स्विचनंतर, पण प्रेशर स्विचच्या आधी घ्या, 2 अँपिअरच्या एमसीबीतून, अर्थिंगसह. मोटर थ्री फेज असेल तर एक फेज आणि न्यूट्रल. दोन फेजमध्ये जोडलात तर 415 व्होल्टवर कॉइल बघता बघता जळते. केबल ड्रेनमध्ये खालून शिरू द्या, म्हणजे पागोळीचं पाणी वायरवरून आत जात नाही. संध्याकाळी मेन स्विच बंद करा, नाहीतर ड्रेन रात्रभर टाकी रिकामी करील आणि मोटर रात्रभर ती भरत राहील.

टायमर : पावसाळ्यात दर 15 मिनिटांनी 2 सेकंद, कोरड्या हिवाळ्यात दर 30 ते 40 मिनिटांनी दीड सेकंद. वरच्या हिशेबाने 15 मिनिटांत फार तर 85 मिलिलिटर पाणी जमतं, आणि 4 मिलिमीटरच्या तोंडातून 8 बारला ते अर्ध्या सेकंदाच्या आत निघून जातं. बाकीचा वेळ निव्वळ हवा. दोन सेकंदांत सुमारे 40 लिटर मोकळी हवा जाते. ती भरायला तुमचा कॉम्प्रेसर आठ-नऊ सेकंद चालतो, एवढं चालेल. पण कुणी दर दोन मिनिटांनी दहा सेकंद ठेवलं, तर कॉम्प्रेसरची तिसरा हिस्सा हवा ड्रेनमधूनच जाईल. आकड्यांपेक्षा डोळ्यांनी बघा : आधी पाणी, मग धुकं, मग कोरडी हवा. बंद होतानाही पाण्याची धार असेल तर मधली मिनिटं कमी करा. उघडल्या उघडल्या नुसती हवा येत असेल तर ती वाढवा.

पहिला महिना दर आठवड्याला बॉल व्हॉल्व्ह बंद करून, मधला दाब ड्रेनवरचं टेस्टचं बटण दाबून सोडून, स्ट्रेनरची जाळी धुवा. जुना गंज सुरुवातीला सर्वात जास्त सुटतो. आठवड्यातून एकदा हाताचा कॉक उघडा. त्यातून भरपूर पाणी आलं, तर ऑटो ड्रेन काम करत नाही असं समजा.

प्रश्न : हर्णेला बोटींच्या इंजिनांचं गॅरेज आहे. बसवलेला ड्रेन सारखा फुसफुसतोय. कॉइलही गरम लागते. बदलावा का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : लगेच नको. कॉइल थोडी गरम लागणं साहजिक आहे. फुसफुस बहुतेक वेळा सीटवर बसलेल्या गंजाच्या खपलीमुळे होते. टाकीत दाब असताना टेस्टचं बटण चार-पाच वेळा दाबा, पुष्कळदा खपली उडून जाते. नाही गेली तर आधी बॉल व्हॉल्व्ह बंद करा, बटण दाबून मधला दाब सोडा, मग वीज बंद करा आणि स्क्रू काढून बॉडी उघडा. प्लंजर, स्प्रिंग आणि रबरी सील रॉकेलने नव्हे, साबणाच्या पाण्याने धुवा. सीलवर खोल खाच पडली असेल तर सील किट घाला. कॉइल दांड्यावरून काढून ठेवून वीज चालू करू नका. आत लोखंडी प्लंजर नसेल तर एसी कॉइल जास्त करंट ओढते आणि जळते. कॉइल घरघरत असेल तर व्होल्टेज मोजा, ते ठीक असेल तर प्लंजरमध्ये घाण आहे. मिठाने टर्मिनलवर हिरवट थर चढतो, तो खरवडून काढा आणि प्लगचं गॅस्केट नवीन घाला.

प्रश्न : कुडाळला गाड्यांचं पेंटिंग करतो. ऑटो ड्रेन लावूनही स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब येतात.
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : ड्रेन फक्त तळाचं पाणी काढतो, हवा सुकवत नाही. टाकीतून निघणारी हवा वाफेने भरलेलीच असते. टाकी 45 अंशांवर असेल तर दाबलेल्या हवेच्या दर घनमीटरला 65 ग्रॅम वाफ बाहेर पडते. गनपर्यंत ती 28 अंशांवर आली की 27 ग्रॅमच मावते. उरलेले 38 ग्रॅम पाइपात थेंब होतात, आणि तेच तुम्हाला दिसतात.

म्हणून हवा आधी थंड होऊ द्या, मग गाळा. कॉम्प्रेसर आणि फिल्टर यांच्यात निदान आठ-दहा मीटर धातूचा पाइप हवा, तापलेल्या पत्र्याखालून न नेलेला. त्याला हवेच्या दिशेने दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, शेवटी खाली सोडलेला फूटभर तुकडा आणि त्याला कॉक. गनसाठीची शाखा मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवा. खालून काढली तर पाणी सरळ गनमध्ये उतरतं. फिल्टर-रेग्युलेटर गनच्या जवळ, पण हवेत तेल सोडणारा लुब्रिकेटर त्यात नको. फिल्टरचा पारदर्शक कप पॉलिकार्बोनेटचा असेल तर थिनर लावू नका, त्याला तडे जाऊन तो दाबाखाली फुटतो. एवढं करूनही पावसाळ्यात रंगावर पांढुरका पडदा येत असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्या. 3 अंश दवबिंदूचा (हवा 3 अंशांपर्यंत थंड झाली तरी पाणी सुटू न देणारा) पुरतो. त्याच्याही तळाला ड्रेन असतो. तो तुंबला की ड्रायर असून नसल्यासारखाच.

प्रश्न : महामार्गावर पंक्चरचं दुकान, एक एचपीचा कॉम्प्रेसर. ऑटो ड्रेन घ्यावा का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : गरज नाही. खालच्या कॉकला होज जोडून बॉल व्हॉल्व्ह हाताच्या उंचीवर आणा. वाकावं लागतं म्हणूनच काम टळतं. दुकान बंद करताना एक-दोन बार दाब उरला की पूर्ण उघडा आणि रात्रभर उघडाच ठेवा.

प्रश्न : ड्रेनचं पाणी परड्यात सोडलं तर चालेल का? शेजारी विहीर आहे.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. त्या पाण्यात कॉम्प्रेसरचं तेल असतं, आणि जांभ्याच्या जमिनीतून पाणी चटकन खाली उतरतं. ड्रेनची 10 मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेन) नळी कॅनमध्ये सोडा, वाटेत ती कुठेही वर चढू देऊ नका. कॅन आठवडाभर स्थिर ठेवला की तेलाचा थर वर येतो. तो काढून गाड्यांच्या काळ्या तेलाबरोबर अधिकृतपणे जुनं तेल घेणाऱ्याला द्या. खालचं पाणी दुधाळच राहिलं तर त्यात तेल मिसळलेलं आहे, तेही त्यालाच. कॅनचं झाकण घट्ट लावू नका. नळी बांधून टाका आणि तिच्याभोवती बोटभर फट ठेवा, नाहीतर पहिल्याच फटकाऱ्याला कॅन फुगून फाटतो.