दोन टक्क्यांनी गेली म्हणतात, खरं का?

प्रश्न : भाऊसाहेब, नमस्कार. माझी मोठी मुलगी यंदा बारावी सायन्सला ७८ टक्के मिळवून पास झाली. कॉलेजसाठी केंद्र सरकारची स्कॉलरशिप असते असं कानावर होतं. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांना विचारलं, तर म्हणाले, ८० च्या वर लागतात, तुमची दोन टक्क्यांनी गेली. आमचा साडेतीन एकर कोरडवाहू कापूस आहे, मिस्टर पिठाच्या गिरणीवर असतात. ओबीसीत आहोत. मुलीचं बी.एस्सी.ला अ‍ॅडमिशन घेतलंय, पण सीईटीही दिलीय. बी.फार्मला नंबर लागला तर तिकडे पाठवू. अर्ज करावा की सोडून द्यावा?
— एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, सोडू नका. त्या दादांनी ऐकलं ते अर्धंच. तिथे ८० टक्के लागत नाहीत, ८० पर्सेंटाइल लागतं. या एका शब्दापायी दरसाल किती पोरं अर्जच करत नाहीत, हे मी २६ वर्षं कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीच्या आतल्या बाजूने बघितलंय.

टक्के म्हणजे शंभर मार्कांपैकी किती मिळाले. पर्सेंटाइल म्हणजे शंभर पोरांपैकी किती पोरं तुमच्या मागे. बारावी सायन्सची शंभर पोरं निकालाच्या क्रमाने ग्राउंडवर उभी करा. पुढची वीस पात्र. त्यातल्या विसाव्या पोराला ७० टक्के असतील, तर त्या साली ७० ही रेषा. त्याला ८५ असतील तर ८५. म्हणजे रेषा दरवर्षी हलते आणि सायन्स, कॉमर्स, आर्ट्‌स यांची रेषा वेगवेगळी असते. आर्ट्‌सच्या पोराने सायन्सवाल्याचा आकडा ऐकून घरी बसायचं कारण नाही. तुमच्या मुलीचे ७८ कुठे बसतात ते बोर्डाच्या कट-ऑफवरून कळेल. मैत्रिणीच्या वडिलांवरून नाही.

आता योजना. खिडकीवर आम्ही तिला 'सेंट्रल सेक्टर' म्हणायचो, हल्ली तिचं नाव पीएम-यूएसपी, म्हणजे प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. शेती, गिरणी, सगळं धरून. कोर्स रेग्युलर हवा. डिप्लोमा आणि बाहेरून परीक्षा देणारे यात बसत नाहीत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये, पुढे एम.एस्सी. केलं तर वर्षाला २०,०००. म्हणजे बी.एस्सी.चे ३६ आणि एम.एस्सी.चे ४०, असे ७६ हजार. देशभरात दरवर्षी नव्या ८२,००० पोरांना मिळते. त्यात निम्म्या जागा मुलींच्या, आणि सायन्स, कॉमर्स, आर्ट्‌सला ३:२:१ अशी वाटणी. रेषेच्या वर असणं ही पात्रता झाली. निवड मेरिटने आणि आपल्या राज्याच्या वाट्याच्या जागांमध्ये होते. हे आधी सांगितलेलं बरं.

पण तुमच्या पत्रातली खरी मेख बी.फार्मची आहे. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेता येत नाही, राज्य सरकारचीसुद्धा नाही. आणि राज्य सरकारने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढलाय. ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मुख्य अट ही की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही माफी विसरा. खासगी फार्मसी कॉलेजची एका वर्षाची फी एकदा विचारून या, मग १२,००० शी ताडून बघा. माझं मत विचाराल तर : बी.फार्म झालं तर राज्याची माफी, बी.एस्सी.च राहिलं तर केंद्राची स्कॉलरशिप. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवू असं करू नका. पुढे एक परत करायची वेळ आली की पोरगी तहसील आणि कॉलेजच्या मध्ये हेलपाटे घालते.

कागद आत्ताच जमवा. तलाठ्याच्या दाखल्यावरून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निघतो. सेतूत पावसाळ्याच्या तोंडावर जी गर्दी होते, ती तुम्हाला माहीत आहेच. दाखल्यावरचं आर्थिक वर्ष वाचून घ्या. मार्चअखेर संपलेला दाखला अपलोड करणारे मी ढिगाने पाहिलेत. मग आधार आणि मार्कशीट शेजारी ठेवून नाव ताडा. आपल्याकडे निम्मं गाव पाटील. इंग्रजीत कुठे एक 'ई', कुठे दोन, आणि आधारवर बापाचं नाव गायब. फरक असेल तर फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करा, नंतर नाही.

अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आधी एकदाच नोंदणी करायची, चौदा अंकी नंबर येतो, तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. फोनसमोर चेहरा दाखवून पडताळणी होते. मुलगी स्वतः हजर लागते, तिच्या ऐवजी भाऊ चालत नाही. आणि मोबाइल नंबर घरातला द्या. हे मी का सांगतो, ते ऐका.

फॉर्म भरला म्हणजे झालं नाही. कॉलेजने तो ऑनलाइन तपासून पुढे ढकलावा लागतो. चूक दिसली तर कॉलेज तो 'डिफेक्ट' म्हणून परत टाकतं, मुदतीत दुरुस्त करून पुन्हा भरायचा. एका वर्षी एका पोरीचा अर्ज मीच असा परत टाकला. दाखला अंधुक स्कॅन झाला होता, एवढंच. तिच्या अर्जावर नंबर होता सुरतेला राहणाऱ्या मामाचा. मेसेज सुरतेला गेला आणि तिथेच राहिला. तिच्या गावाला दिवसातून दोन एसट्या. मी वर्गावर शिपाई पाठवायला हवा होता, तो पाठवला नाही. परीक्षांचे फॉर्म चालू होते, हे माझं कारण. मुदत संपल्यावर तिचे वडील खिडकीशी आले, "भाऊसाहेब, पैसा उनात का?" त्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून मी परत टाकलेल्या अर्जांची यादी नोटीस बोर्डावर लावायला लागलो. तुमच्या मुलीला सांगा, फॉर्म भरल्यावर दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून स्टेटस बघ. कॉलेजच्या भरवशावर राहू नकोस. हे मी कॉलेजचा माणूस असून सांगतोय.

निवड झाली तर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्याला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. कापूस वेचणीत पोरगी महिनाभर शेतात राहिली तर हजेरी जाते, हेही घरात आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : सर, मी सुरतला कामाला आहे. धाकटा भाऊ नंदुरबारला बारावीत शिकतो. आम्ही एसटी. अकरावीत महाडीबीटीवर (राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर) भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. स्टेटसला पैसे जमा झाले असं दाखवतं, पण त्याच्या पासबुकात एक रुपया नाही. बँकेत गेलो तर म्हणतात आधार लिंक आहे. मग पैसे गेले कुठे?
— शहादा तालुका

उत्तर : दादा, बहुतेक त्याच्याच नावावर, पण दुसऱ्या खात्यात. हे पैसे खाते नंबर बघून जात नाहीत, आधार बघून जातात. आधार ज्या बँकेला सगळ्यात शेवटी सीड झाला, म्हणजे सरकारी पैशांसाठी जोडला गेला, त्या बँकेत पडतात. पासबुकाला आधारची झेरॉक्स जोडणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या बँकेचं नाव असणं वेगळं. काउंटरवरचा माणूस 'लिंक आहे' म्हणतो तेव्हा तो पहिलं सांगत असतो.

माझ्या भाचीचंच असं झालं. सात महिने आम्ही एका बँकेत खेटे मारले. शेवटी निघालं काय, तर सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा ठेवायला लावला होता, त्यात तिच्या नावाने एक खातं उघडलं गेलं होतं. पैसे तिथे निवांत पडून होते. घरातल्या एकाला पत्ता नव्हता, मी तर याच कामाचा पगार घ्यायचो!

भावाला आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायला सांगा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो नंबर तुमच्याजवळ सुरतला असेल तर फोनवरून कळवा. तिथे जिचं नाव दिसेल ती बँक गाठायची. पुढचे हप्ते पासबुकाच्या खात्यातच हवे असतील, तर त्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंगचा फॉर्म वेगळा मागून भरा आणि आठवड्याने स्टेटस पुन्हा बघा.

बारावीचा अर्ज नव्याने भरायला विसरू नका, अकरावीचा आपोआप पुढे सरकत नाही. या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. आणि पदवीला जाताना वसतिगृहात नंबर लागला नाही, तर आदिवासी विकास विभागाची स्वयम् योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे पोराच्या खात्यात येतात. प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. माझ्या वर्गातली एनएमएमएसमध्ये (आठवीत होणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत) लागलेली पोरं पुढे अकरावीत गेल्यावर म्हणतात, पैसे बंद झाले. असं का होतं?
— शिक्षिका, चोपडा तालुका

उत्तर : मॅडम, दोन कारणं असतात. एक, दहावीत ६० टक्के लागतात, एससी-एसटीला ५५. निवड झाल्यावर पोरं गाफील होतात, आणि ही अट त्यांना आठवीत कोणी सांगत नाही. दुसरं, शाळा बदलली की नव्या कॉलेजने पोर्टलवर नूतनीकरण पुढे पाठवावं लागतं. अकरावीच्या कॉलेजात मात्र हे पोरगं एनएमएमएसचं आहे, हे कोणाला माहीतच नसतं. वर्षाचे १२,००० रुपये आहेत, बारावीपर्यंत. तुमच्या वर्गातून लागलेल्या पोरांची नावं आणि अर्ज क्रमांक लिहिलेला एक कागद त्यांच्या दहावीच्या दाखल्याबरोबर जाईल असं हेडमास्तरांना सांगून ठेवा. माझ्या खिडकीवर असा कागद घेऊन आलेलं पोरगं मी रांगेतून पुढे घ्यायचो.