पत्रकावरून लेकीचा आजार आधी काढा

प्रश्न : मुलीचं बीएफए यंदा झालं. बारावीत तिला पॅनिक अटॅक यायचे, औषधं चालू होती. चित्रांमुळे ती सावरली. तिने शाळांमध्ये आर्ट थेरपीची (कलेच्या आधाराने मनावर उपचार) शिबिरं घ्यावीत अशी माझी इच्छा आहे. दोन दिवसांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स तिने केलाय. मी पत्रकं छापली, वाशी-सानपाड्याच्या शाळांशी बोलले. ती मात्र ‘मी तयार नाही’ म्हणते. तिचा आत्मविश्वास कसा वाढवू? – एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, पत्रकाचा फोटो पाहिला. मुलीच्या नावाखाली ‘पॅनिक अटॅकवर मात केलेली कलाकार’ असं छापलंय. तिला विचारलं होतंत? पत्रात तसं कुठे दिसत नाही. तो कागद शाळेच्या गेटवर तिच्या मैत्रिणींच्या आयांच्या, उद्या स्थळं सुचवणाऱ्यांच्या हातात जाणार. आजार तिचा आहे. कुणाला सांगायचा, कधी सांगायचा, की सांगायचाच नाही, हे तिचं तिने ठरवायचं. तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, तरी उरलेली पत्रकं वाटू नका आणि तिची माफी मागा.

तिच्यात आत्मविश्वास कमी आहे असं मला वाटत नाही. ती स्वतः उपचारांतून गेली आहे. दुसऱ्याचं मन हाताळणं किती जोखमीचं असतं, ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

‘चित्रांवरून मुलांच्या मनातलं ओळखू’ हे पत्रकातलं वचनही काढून टाका. काळा रंग म्हणजे नैराश्य, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, हा या क्षेत्रातला फार पसरलेला गैरसमज आहे. पुष्कळदा मूल काळा खडू घेतं, कारण बाकीचे शेजारच्याने पळवलेले असतात. नुसत्या चित्रावरून निदान होत नाही. आर्ट थेरपीत ‘याच्याबद्दल सांगशील?’ एवढं विचारून थांबायचं, मूल गप्प बसलं तर गप्प बसू द्यायचं. गट लहान, दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ. चित्रं फाइलमध्ये राहतात, भिंतीवर लागत नाहीत. शाळेला मात्र हॉलमध्ये साठ मुलं आणि शेवटी प्रदर्शन हवं असतं. त्यातही मुलं रमतात, पण ते चित्रशिबिर झालं, थेरपी नव्हे. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं बेकायदा आहे. आपल्याकडे हे नाव कुणीही लावतं, म्हणून जबाबदारी जास्त.

आणि समजा, रंगवता रंगवता चौथीतली एखादी मुलगी सहज बोलून गेली की घरी येणारे काका नको तिथे हात लावतात. तेव्हा तुमच्या लेकीने काय करायचं? पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार असं कळलेल्या कुणालाही ते पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं गुन्हा आहे. ‘बाईंच्या कानावर घातलं होतं’ एवढ्याने भागत नाही. शिवाय त्या क्षणी पोरीला धीर कसा द्यायचा, तिच्या तोंडात आपले शब्द न घालता ऐकायचं कसं, हे अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिकता येतं. बाविशीच्या मुलीला एकटीला त्या जागी उभं करू नका.

तिला यातच यायचं असेल तर आधी मानसशास्त्र, मग समुपदेशन किंवा एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपीचा (चित्र, संगीत, नाट्य अशा कलांतून उपचार) देखरेखीखालच्या कामासहित दीर्घ अभ्यासक्रम. एमएला अनेक ठिकाणी पदवीचं मानसशास्त्र मागतात, अटी आधी पाहा. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय, तिथे जाऊन काम कसं चालतं ते पाहावं. तोवर कमाईसाठी एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे क्लास आहेतच.

पण हे सगळं ‘तिला यायचं असेल तर’. तुमच्या पत्रात ‘माझी इच्छा’ आहे. तिची इच्छा मला सापडली नाही. कदाचित तिला नुसती चित्रंच काढायची असतील. शाळांना कळवा की सध्या शिबिर नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते पाठवण्याआधी वाचायला मागू नका.