विषाणूशास्त्र घेऊ की कर्करोगशास्त्र?

प्रिय विद्यार्थिनी,

मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. विषाणूंची प्रथिने आपल्या पेशीतली कॅन्सरशी संबंधित जनुके चालू-बंद करतात, हे वाचून तू झपाटली आहेस आणि पुढे विषाणूशास्त्र घ्यावे की कर्करोगशास्त्र, यावर अडली आहेस. ‘गणित नको म्हणून तर बायोलॉजी घेतली’ असेही लिहिले आहेस. त्याकडे येतोच.

हे दोन रस्ते तुला वाटतात तितके वेगळे नाहीत. पी५३ हे गाठी रोखणारे प्रथिन १९७९ मध्ये हाती लागले, ते एसव्ही४० या माकडांच्या विषाणूवर काम करताना. विषाणूच्या प्रथिनाला चिकटून पेशीतले हे कोण येते आहे, असा साधा प्रश्न होता.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचेच बघ. त्याचे ई६ प्रथिन पी५३ला नष्ट करवते. ई७ आरबी या प्रथिनाला धरते. आरबीने दाबून ठेवलेले ई२एफ हे जनुके चालू करणारे प्रथिन मोकळे सुटते आणि पेशीविभाजनाची जनुके चालू होतात. विषाणूला कॅन्सर नको असतो बरं का! त्याला स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढायला पेशीची यंत्रणा जागी हवी असते.

पण इथे पी५३ प्रथिन संपले तरी त्याचा आरएनए पेशीत सापडतो. नुसते आरएनए-सीक्वेन्सिंग, म्हणजे पेशीतल्या आरएनएची मोजदाद, पाहणारा फसेल. म्हणून प्रथिन आहे की नाही हे दाखवणारी वेस्टर्न ब्लॉट चाचणीही हाताखालून जायला हवी.

आता गणित. सुमारे २०,००० जनुके एकदम तपासलीस आणि पी-मूल्याची ०.०५ ही मर्यादा (म्हणजे शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने फरक दिसला तरी चालेल) ठेवलीस, तर खरा फरक शून्य असतानाही हजारेक जनुके ‘बदललेली’ दिसतील. संख्याशास्त्र टाळून या विषयात निभाव लागणार नाही, हे स्पष्टच सांगतो. या सुट्टीत ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शीक आणि जनुकांच्या माहितीच्या जीईओ या खुल्या संग्रहातून एचपीव्हीबाधित गाठींची माहिती घेऊन स्वतः विश्लेषण कर. चुकशील, चालेल.

पदवीवर कोणते नाव छापले जाईल, याला मी फारसे महत्त्व देत नाही. प्रकल्प कोणाकडे मिळतो आणि तिथे पेशीसंवर्धन रोज होते का, ते विचार. पीएच.डी.चे नंतर बघू. आधी सहा महिने पेशी वाढव. सुट्टीच्या दिवशीही त्यांचे पोषक माध्यम बदलावे लागते आणि बुरशी लागली की पुन्हा पहिल्यापासून. तरीही दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जावेसे वाटले, तर मला परत लिही.