वाचकांचे प्रश्न : खोल समुद्रातलं पाणी बाटलीत भरताना

प्रश्न : संशोधनाचं जहाज पन्नास-साठ वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीवरचं पाणी वर काढतं असं ऐकतो. वर येईपर्यंत त्यात वरचं पाणी मिसळत नाही का? – एक मच्छीमार, हर्णै

बाटली नीट बंद झाली असेल तर नाही. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधू साधना’सारख्या जहाजावर गोल धातूची चौकट असते, तिला रोझेट म्हणतात. तिच्यावर 12 किंवा 24 निस्किन बाटल्या (दोन्ही टोकांना झाकणं असलेल्या नळकांड्या) उभ्या बसवतात आणि सोबत तापमान, क्षारता, दाब मोजणारं सीटीडी यंत्र असतं. बाटल्या दोन्ही तोंडं उघडी ठेवूनच पाण्यात सोडतात, त्यामुळे उतरताना पाणी आरपार जातं. उतरताना फक्त यंत्राची नोंद घेतात, बाटल्या बंद करतात त्या वर येताना. ठरलेल्या खोलीवर विंच (केबल गुंडाळणारं यंत्र) थांबवून अर्धा ते एक मिनिट वाट पाहतात, कारण चौकट खालचं पाणी आपल्याबरोबर ओढून आणते. ते निघून गेलं की केबलमधून इशारा जातो आणि दोन्ही झाकणं लागतात.

घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. झाकणाची दोरी अडकली तर बाटली उघडीच वर येते, हे निदान डोळ्यांना दिसतं. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) वाळूचा कण बसला तर बाटली गळते, आणि ते दिसत नाही. म्हणून डेकवर आल्यावर वरचा व्हेंट (हवा आत घेणारं छिद्र) बंदच ठेवून खालची तोटी उघडून पाहावी. दोन-चार थेंब पडून धार थांबली तर बाटली घट्ट आहे. धार चालूच राहिली तर कुठून तरी हवा आत शिरते आहे. त्या बाटलीचा क्रमांक लॉगशीटवर (नोंदींच्या कागदावर) लिहावा आणि त्या बाटलीतून वायूंचे नमुने घेऊ नयेत.

प्रश्न : पहिल्यांदाच सफरीवर जाते आहे. रोझेट वर आल्यावर नमुने कोणत्या क्रमाने घ्यायचे? सगळे ऑक्सिजनवर एवढा जोर का देतात? – विद्यार्थिनी, मत्स्य महाविद्यालय, शिरगाव (रत्नागिरी)

वायू आधी, बाकीचं नंतर. ऑक्सिजन पहिला, मग विरघळलेला कार्बन आणि पीएच (पाण्याची आम्लता), त्यानंतर नायट्रेट-फॉस्फेटसारखी पोषकद्रव्यं, क्षारता, आणि शेवटी हरितद्रव्यासाठी गाळायचं पाणी. बाटलीतून पाणी निघालं की त्याची जागा हवा घेते, आणि उरलेल्या पाण्यात त्या हवेतला ऑक्सिजन मुरू लागतो.

आपल्या किनाऱ्यावर हे जास्तच महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर कमी ऑक्सिजनचं खोल पाणी कोकणाच्या उथळ समुद्रात वर सरकतं. 1999च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यात ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू आढळला होता. हिशेब करून पाहा : ऑक्सिजनचा नमुना भरायच्या 125 मिली काचेच्या बाटलीत तुरीच्या दाण्याएवढा, साधारण 0.1 मिलीचा बुडबुडा राहिला तर त्यात 0.02 मिली ऑक्सिजन असतो. म्हणजे लिटरमागे सुमारे 0.16 मिली. पृष्ठभागाच्या पाण्यात लिटरला चार-साडेचार मिली असतो, तिथे एवढी चूक खपून जाते. पण जिथे मुळात 0.1 मिलीसुद्धा नाही, तिथे तुम्ही पाणी नव्हे, बुडबुडा मोजलात.

म्हणून तोटीला सिलिकॉनची नळी लावा आणि ती चिमटीत दाबून आतले बुडबुडे आधी घालवा. नळीचं टोक काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवून सावकाश भरा आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्या. नळी काढतानाही धार चालूच हवी. मग ऑक्सिजन बांधून ठेवण्यासाठी पिपेटचं टोक पाण्याखाली धरून 1 मिली मँगनीज क्लोराइड आणि 1 मिली अल्कलाइन आयोडाइड सोडा. ही रसायनं जड असतात, खाली बसतात. बाहेर सांडतं ते वरचं पाणी. बूच तिरकं सरकवत लावा, वीसेक वेळा उलटीपालटी करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा हलवा. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. जवळजवळ पांढराच राहिला तर त्या खोलीवर ऑक्सिजन नाही. घाबरून नमुना फेकू नका, तोच सगळ्यात मोलाचा. मात्र तोटीशी कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तसं लिहून ठेवा. सल्फाइड आयोडीन खातो, त्यामुळे थायोसल्फेटच्या टायट्रेशनचा (नंतर आयोडीन मोजून ऑक्सिजन काढायच्या चाचणीचा) आकडा फसवा येतो. आयोडाइडचं द्रावण कातडी जाळतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच.

पोषकद्रव्यांची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि पाऊण भरा. उणे 20 अंशांवर गोठताना पाणी फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते. तिच्या तोंडाला उघडा हात लावू नका, घामात अमोनिया असतो.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी मच्छीमार होडीवरून 20-25 मीटरवरचे नमुने घेता येतील का? – शिक्षक, वेंगुर्ले

येतील. एकच निस्किन बाटली, दर 5 मीटरवर खूण केलेली नायलॉनची दोरी, खाली वजन आणि दोरीवरून घसरत जाऊन झाकणं सोडवणारं पितळी मेसेंजर एवढं पुरे. मेसेंजर आदळल्याचा ठोका दोरीवर हाताला कळतो. कळला नाही तर बाटली बंद झालेली नाही. प्रवाहाने दोरी 30 अंश कलली तर 30 मीटर सोडूनही बाटली 26 मीटरवरच असते, म्हणून कल पाहून दोरी वाढवा. इंजिन बंद ठेवा आणि धूर-तेल नसलेल्या बाजूने पाणी काढा. बादलीतल्या पाण्यावर ऑक्सिजन मोजू नका, ओढतानाच त्यात हवा घुसते. रसायनं घातलेल्या बाटल्या सावलीत, बुचाभोवती पाणी ठेवून न्या. ऑक्सिजनच पाहायचा असेल तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा.

प्रश्न : मुलगी सफरीवर चालली आहे. सोबत काय द्यावं? – पालक, देवगड

पुढून बंद, न घसरणारे बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डॉक्टरांना विचारून बोट लागण्यावरच्या गोळ्या. गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. पोट रिकामं ठेवू नये, कोरडा खाऊ जवळ असावा. लॉगशीटसाठी पेन्सिली द्या, ओल्या कागदावर शाई पसरते.