नागपूर मेट्रो कन्हानपर्यंत जाणार, मग उमरेडला का नाही? असे प्रकल्प ठरतात कसे?

आपण उमरेडहून रोज नागपूरला ये-जा करता आणि मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात उमरेड रस्ताच का सुटला, असे विचारले आहे. मी नागपूरकर असून या विषयावरील अहवाल आवडीने वाचतो. त्या वाचनाच्या आधारे उत्तर देतो.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेल्या या ४३.८ किमीच्या टप्प्यात नवीन मार्ग एकही नाही. पहिल्या टप्प्याच्या चार टोकांना जोडलेले ते चार तुकडे आहेत. मिहान ते बुटीबोरी औद्योगिक वसाहत, ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान, लोकमान्य नगर ते हिंगणा आणि प्रजापती नगर ते कापसीचे ट्रान्सपोर्ट नगर. म्हणजे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पहिल्या टप्प्याच्या आखणीतच दडलेले आहे. नागपूर सुधार प्रन्यासने दिल्ली मेट्रोकडून पहिल्या टप्प्याचा प्रकल्प अहवाल करून घेतला, तेव्हा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोनच मार्ग ठरले, आणि आग्नेयेला जाणारा उमरेड रस्ता त्या फुलीच्या बाहेर राहिला.

उरलेले अर्धे उत्तर पैशाचे आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के दाखवावा लागतो. यात तिकिटांच्या उत्पन्नापेक्षा प्रवाशांचा वाचलेला वेळ, इंधन आणि टळलेले अपघात यांचे मोल अधिक धरले जाते. शिवाय मेट्रोऐवजी बस किंवा अन्य साधन स्वस्तात भागेल का, हे आधी तपासणे बंधनकारक आहे. कन्हानकडे जाणाऱ्या कामठी रस्त्यावर वस्ती आणि वर्दळ सलग असल्यामुळे हे गणित जुळवता येते; उमरेडपर्यंतच्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरमध्ये बराच भाग शेतीचा असल्याने ते जुळणे कठीण आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की उमरेडकरांनी मेट्रो मागण्यात शक्ती घालवू नये. आपल्याकडे इतवारी-उमरेड-नागभीड हा सुमारे १०६ किमीचा लोहमार्ग आहे. तो नॅरोगेज होता आणि ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ मध्ये बंद करण्यात आला. या मार्गावर सकाळ-संध्याकाळ नोकरदारांच्या वेळेला जुळणाऱ्या गाड्या मिळणे हे आपल्यासाठी मेट्रोपेक्षा मोलाचे ठरेल. नागपूर मेट्रो चालवणारी महामेट्रो कंपनी आणि रेल्वे यांनी २०१८ मध्ये ब्रॉडगेज मेट्रोसाठी सामंजस्य करार केला, त्यामागचा विचारही हाच होता: रूळ रेल्वेचे आणि डबे मेट्रोच्या धर्तीचे.

खरी अडचण नागपुरातील इतवारी स्थानकावर उतरल्यावर सुरू होते, कारण त्या स्थानकाच्या दारात मेट्रो नाही. तेथून बर्डीकडे, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती सीताबर्डी भागाकडे, नेणारी शहर बस महापालिकेची, मेट्रो महामेट्रोची, एसटी महामंडळाची आणि रेल्वे केंद्राची; त्यातही नागपुरात रेल्वेचे दोन वेगवेगळे विभाग आहेत, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. या सर्वांचे वेळापत्रक आणि तिकीट एकत्र बसवणारे एकात्मिक प्राधिकरण असावे, अशी अपेक्षा त्याच २०१७ च्या धोरणात नोंदवलेली आहे. आपल्या लोकप्रतिनिधींना निवेदन द्यायचे असेल, तर गाड्यांच्या वेळा आणि इतवारीहून सुटणारी फीडर बस (स्थानकावरून प्रवाशांना पुढे पोहोचवणारी जोडबस) या दोनच मागण्या त्यात ठेवा, आणि उमरेडहून रोज किती जण कोणत्या वेळी निघतात याची स्वतः केलेली मोजणी सोबत जोडा.